बढतीची शिडी कुणाला मोकळी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



विमान-अभियंत्यांच्या वेतनाचा विषय आपल्या व्यासपीठावर निघाला की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. ज्यांना पोटभर मिळते त्यांची चिंता आपण कशाला वाहावी, असा त्यांचा सूर असतो. परंतु प्रश्न केवळ रकमेचा नाही.

संरक्षण संशोधन व विकास संघटनेत, म्हणजे डीआरडीओत, विमानविद्येचा पदवीधर ‘वैज्ञानिक बी’ म्हणून रुजू होतो. 2016 पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात ही दहावी पातळी. मूळ वेतन 56,100 रुपये. ‘वैज्ञानिक एच’ पंधराव्या पातळीवर, 1,82,200 रुपयांवर असतो. ‘जी’ श्रेणीपर्यंत वरची जागा रिकामी होण्याची त्याला वाट पाहावी लागत नाही. ठरावीक सेवा झाली आणि मूल्यमापनात तो उतरला, की बढती मिळते. ही व्यवस्था न्याय्यच आहे. तेजस विमानाचा प्रकल्प 1983 मध्ये मंजूर झाला, पहिले उड्डाण 2001 मध्ये झाले. इतका काळ एका कामाला वाहून घेणाऱ्याला वरिष्ठाच्या निवृत्तीकडे डोळे लावून बसवणे हा बुद्धीचा अपमान ठरला असता.

मग ओझरच्या वायुदल दुरुस्ती आगारासारख्या संरक्षण आस्थापनांतील मुलकी कारागिरांचे काय? कुशल कारागिराचे मूळ वेतन त्याच तक्त्यात 19,900 रुपयांपासून सुरू होते. त्याच्या बढतीला मात्र टक्केवारीचे कुंपण आहे. संवर्गात 45 टक्के कुशल, 55 टक्के अतिकुशल, आणि अतिकुशलांपैकी चौथा हिस्साच ‘मास्टर क्राफ्ट्समन’. हात कितीही बसलेला असो, जागा नसली की माणूस अडला. दहा, वीस, तीस वर्षांनी मिळणारी आश्वासित वाढ पगार हलवते. हुद्दा जागीच राहतो.

डॉ. लोहिया उत्पन्नातील अंतर एकास दहाच्या आत राखा म्हणत. वरील दोन टोकांचे प्रमाण नऊपटींच्या किंचित पुढे भरते. म्हणजे मूळ वेतनापुरते तरी आपले भांडण अभियंत्याशी नाही. (खासगी कंपन्यांच्या संचालकांचे आकडे येथे मांडण्याचीही सोय नाही!) जे तत्त्व बुद्धीला लागू केले ते हाताला का नाकारले, हा आपला सवाल आहे.

2025 मध्ये न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला. किमान वेतनाचा आकडा कामगार संघटना त्याच्यापुढे मांडतीलच. त्याच निवेदनात हे कुंपण काढून कारागिरालाही कौशल्यपरीक्षेनुसार वर जाऊ द्यावे, ही मागणी आली पाहिजे. परीक्षा घेणे अवघड नाही. विमानावर केलेल्या कामाच्या नोंदीखाली त्याची सही असतेच.