गोळी घड्याळाकडे बघून

कंपवातात, म्हणजेच पार्किन्सन्समध्ये, मेंदूत डोपामिन कमी पडतं. मग डोपामिनचीच गोळी का देत नाहीत? कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. मात्रा हळूहळू वाढवत नेली की या औषधाचा चांगला गुण येतो, हे जॉर्ज कोटझियास यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं. आज त्याच गोळीत बहुधा कार्बिडोपाही असतं. ते नसलं तर बरंचसं औषध वाटेतच खर्ची पडतं, शिवाय मळमळ होते ती वेगळीच.

सकाळची गोळी लागू पडली की आजोबा सदऱ्याची बटणं स्वतः लावतात. अकराच्या सुमारास मात्र पाय जमिनीला खिळतात. ‘मघाशी तर चालत होतात!’ असं घरचे म्हणतात. आजोबा हट्ट करत नसतात. औषधाचा अंमल उतरलेला असतो.

कधी जेवणही आड येतं. डाळ, पनीर, अंडी यांतली प्रथिनं लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणतात. म्हणून अनेकांना गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. प्रथिनं बंद मात्र करू नयेत.

आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. पण चिमूटभर चूर्णात ते किती, हे कोण मोजणार? घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आणि गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं, अगदी दवाखान्यात दाखल असतानाही. तिथे उलटीवर मेटोक्लोप्रमाइड देऊ लागले, तर कंपवात असल्याचं आधी सांगा.