किनाऱ्यावरील ऋणलेख

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून दक्षिणेकडे दृष्टी टाकली, म्हणजे पाण्यापलीकडे निळसर टेकड्यांची एक रेघ दिसते. तेथे एका जिल्ह्याचा प्रारंभ होतो. जुन्या मंडळींच्या तोंडी त्याचे नाव अजून कुलाबा असेच आहे. अलिबागसमोर समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा नावाच्या जलदुर्गावरून ते पडले होते. १ जानेवारी १९८१ पासून हा जिल्हा रायगड या नावाने ओळखला जाऊ लागला. एका किल्ल्याचे नाव गेले आणि दुसऱ्या किल्ल्याचे आले. पहिला समुद्रातला, दुसरा सह्याद्रीच्या अंगावरचा. या दोहोंच्या मध्ये जी चिंचोळी भूमी पसरली आहे, तिच्यात भातशेती आहे, मिठागरे आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि पावलोपावली कोणाची तरी आठवण सांगणारा एखादा दगड आहे. त्या दगडांविषयी आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा तंजावर येथे बसून हे भाषण ऐकणाऱ्या श्रोत्यांना प्रश्न पडेल, की एका जिल्ह्यातील स्मारकांशी आमचा संबंध काय? त्याचे उत्तर पहिलाच दगड देईल.

अलिबागहून रेवदंड्यास जाणाऱ्या रस्त्यावर, गावापासून थोड्याच अंतरावर आक्षी नावाचे गाव लागते. तेथे एक लेख कोरलेली शिळा आहे. कितीएक वर्षे ती रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस सोशीत उभी होती. जाणारे-येणारे तिच्याकडे फारसे पाहत नसत. तिच्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असून खाली थोड्या ओळींचा लेख आहे. त्यावरील शक ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, हे वाचन स्वीकारले तर मराठी भाषेच्या अगदी प्राचीन शिलालेखांत त्याची गणना करावी लागते. काही अभ्यासक तो याहून अलीकडचा मानतात. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेली मराठी ओळ आधीची की आक्षीची आधीची, हाही वाद आहे. तो वाद पंडितांवर सोपवू. आपण लेखात काय आहे ते पाहू.

जगात सुख नांदो, अशा अर्थाच्या शब्दांनी तो आरंभ करतो. पश्चिम समुद्राचा अधिपती आणि कोकणचा चक्रवर्ती असा केसीदेवराय राजा व त्याचा भइर्जू नावाचा प्रधान यांचा त्यात उल्लेख आहे. पण राजाच्या पराक्रमाचे वर्णन त्यात नाही. कोणती लढाई जिंकली, कोणता शत्रू नमविला, हे सांगण्यासाठी तो दगड उभारलेलाच नाही. महालक्ष्मी देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य लावून दिले आहे, एवढीच त्यातील मुख्य गोष्ट. श्रोत्यांतील गृहिणींना बोडण म्हणजे काय हे सांगावयास नको. दूध, दही, तूप, मध, साखर परातीत घालून सुवासिनींनी एकत्र कालवावयाचे ते बोडण आजही कितीएक घरांत भरले जाते. राजा गेला, त्याचे राज्य गेले, कुवली हे माप गेले. राहिला तो स्वयंपाकघरातील एक शब्द.

या प्रकारच्या दानशिळांना गद्धेगाळ म्हणतात. दान दिलेले पुढे कोणी मोडू नये म्हणून तीत अशी काही शिवी कोरलेली असे, की ती सभ्य मंडळींत उच्चारता येणार नाही. चंद्रसूर्य असेपर्यंत हे देणे चालू राहावे आणि जो ते बुडवील त्याला हा शाप लागावा, असा त्या चित्रांचा अर्थ. म्हणजे आपल्या भाषेतील अगदी आरंभीच्या या दगडाचे स्वरूप स्तुतिपाठाचे नसून खताचे आहे, ऋणपत्राचे आहे. मेलेल्या माणसाचा गौरव करण्यापेक्षा मागे राहिलेल्यांना त्यांचे कर्तव्य बजावणे, हे त्याचे काम. मला वाटते, याच दृष्टीने या किनाऱ्यावरील इतर स्मारकांकडे पाहावे. त्यांच्यापुढे उभे राहून ‘हा कोण होता?’ एवढेच न विचारता ‘याचे आपण काय देणे लागतो?’ असेही विचारावे.

आक्षीहून पुढे रेवदंड्यास गेले, की एका रशियन प्रवाशाचा स्मृतिस्तंभ भेटतो. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा व्यापारी त्व्हेर या आपल्या गावाहून निघून शेजारच्या चौल बंदरात उतरला. त्याच्याजवळ विकावयास आणलेला एक घोडा होता. जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो काढून घेतला आणि पुढे मध्यस्थीने त्याचा त्याला परत मिळाला, असे त्याने स्वतःच लिहून ठेविले आहे. परक्या मुलखात आपल्याला न्याय मिळाला, हे तो विसरला नाही. आणि त्याला आपणही विसरलो नाही. १९५७ साली त्याच्या प्रवासावर ‘परदेसी’ हा बोलपट भारतीय व रशियन कलावंतांनी मिळून काढला होता, तो काही वयोवृद्ध श्रोत्यांना आठवत असेल.

आता पुन्हा अलिबागेस येऊ. येथे कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. ४ जुलै १७२९ रोजी हा सरखेल निवर्तला. त्याच्या हयातीत इंग्रज व पोर्तुगीज त्याला चाचा म्हणत. कारण या समुद्रातून जाणाऱ्या गलबतांनी आपला परवाना घ्यावा, अशी त्याची अट होती. आपल्याच दारासमोरील पाण्यावर हक्क सांगणाऱ्याला परक्यांनी चाचा म्हणावे, यात नवल नाही. स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला आंग्रे यांचे नाव दिले, तेव्हा ते जुने देणे काही अंशी फिटले.

अलिबागच्या उत्तरेस थोड्या अंतरावर नवगाव आहे. तेथे समुद्राजवळ एक जुनी दफनभूमी असून तीत एक स्मारक उभारलेले आहे. बेने इस्राएल या यहुदी समाजाची अशी परंपरागत समजूत आहे, की पुरातन काळी त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते याच किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेल्या प्रेतांना येथे माती देण्यात आली. वाचलेल्यांना गावांनी आसरा दिला. त्यांनी तेलाचा घाणा चालविला. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. त्यांचा धर्म बदलावा असे कोणास वाटले नाही, आणि त्यांनीही आपली भाषा मराठी करून घेतली. रोहेकर, पेणकर, किहीमकर ही त्यांची आडनावे पाहा. जेथे आसरा मिळाला त्या गावाचे नाव त्यांनी आपल्या नावापुढे कायमचे जोडले. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळजण इस्राएलला गेले. जाताना त्यांनी देव्हारे नेले नाहीत, कारण ते त्यांना नव्हतेच. पण मराठी नेली. तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी काढले. नवगावचा दगड एका ठिकाणी उभा आहे खरा. परंतु त्याच्याशी जोडलेली आडनावे हजारो कोस दूर फिरत आहेत.

समुद्र सोडून आता डोंगराकडे वळू. रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि ३ एप्रिल १६८० रोजी तेथेच त्यांनी देह ठेविला. जगदीश्वराच्या मंदिरापुढे त्यांची समाधी आहे. त्या मंदिराच्या एका पायरीवर हिरोजी इंदुलकर हे नाव कोरलेले आढळते. ज्याने गडावरील बांधकामे केली, त्याने आपल्या सेवेची नोंद पायरीवर करून ठेविली आहे. येणाऱ्यांची पायधूळ आपल्या नावावर पडावी, अशी त्याची इच्छा होती, असे सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, पायरीवरचे नाव प्रत्यक्ष आहे, आणि ते वाचण्यासाठी भल्याभल्यांना मान खाली घालावी लागते.

पण या समाधीचेही देणे थकले होते. १८१८ च्या मे महिन्यात तोफांच्या माऱ्याने गड इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यावर रान माजले. १८८३ साली जेम्स डग्लस या इंग्रज ग्रंथकाराने समाधीच्या दुरवस्थेविषयी लिहिले, तेव्हा तो बोल महाराष्ट्राला लागला. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून जीर्णोद्धाराची चळवळ उभी केली आणि १८९६ साली गडावर उत्सव झाला. परक्याने बोट दाखवावे तेव्हा आपल्याला जाग यावी, हे काही भूषणावह नव्हे. पण जाग आली हेही खरे.

रायगडाच्या पायथ्याचा मुलूख ओलांडून सावित्रीकाठच्या महाड शहरात आले, म्हणजे भर वस्तीत एक तळे दिसते. त्याचे नाव चवदार तळे. या जिल्ह्यातील सर्वांत मोठे स्मारक कोणते असे मला कोणी विचारले, तर मी हे पाणी दाखवीन.

त्याचीही गोष्ट एका लेखी देण्याची आहे. सार्वजनिक पाणवठे व संस्था अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मांडला आणि १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलने तो संमत केला. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनेही तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागदावर देणे मान्य झाले. परंतु तळ्याच्या काठी कोणी पुढे होऊ शकला नाही. गुरांना पाणी पिण्यास मज्जाव नव्हता, माणसांना होता. तीन वर्षे तो ठराव दप्तरात राहिला. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेस जमलेल्या हजारो लोकांसह मिरवणुकीने तळ्यावर गेले, पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर काही तासांतच परिषदेच्या मंडपात व गावात परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. पुढे घागरींनी पाणी काढून व पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. तळ्यावर जाण्यास न्यायालयाची तात्पुरती मनाई आली होती. बाबासाहेबांनी ती पाळली, आणि लढा न्यायालयात नेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तो अस्पृश्यांच्या बाजूने होता. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे. महाडात स्तंभ आहे, पुतळा आहे, दर वर्षी २० मार्चला दूरदूरची माणसे लोटतात. पण तेथील खरा लेख दगडावर नाही. पाण्यावर अक्षरे कोरता येत नाहीत. ज्याला जेव्हा तहान लागेल तेव्हा त्याने खाली वाकून ती पुन्हा लिहावी लागतात. कोणत्याही गावात, कोणत्याही पाणवठ्यावर एकाही माणसाला अडविले, तर महाडचे स्मारक त्या दिवशी तेवढे पुसले गेले, असे समजावे.

शेवटी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, उरणजवळच्या चिरनेर गावी येऊ. रानावर सरकारचा ताबा बसल्यापासून गावकऱ्यांना लाकूडफाटा तोडणे गुन्हा झाला होता. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरातील जंगल सत्याग्रहावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चिरनेरच्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचे नाव आहे. त्या यादीत म्हात्रे, पाटील, घरत ही आडनावेही वाचावयास मिळतात. इतिहासात एरवी ज्यांची नावे कोणी लिहिली नसती, अशी ही माणसे. रान आपले आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

दर वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरास लोक जमतात आणि पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देतात. ज्या डोंगराखाली पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडली, त्याच ठिकाणी पोलिसांच्या बंदुका आज आकाशाकडे रोखल्या जातात. आक्षीच्या दगडावरील जुना शाप आणि चिरनेरच्या डोंगराखाली दर वर्षी होणारी ही मानवंदना, दोन्ही देणे न विसरण्यासाठीच आहेत. मात्र फैरींचा आवाज विरल्यावर कातकऱ्याच्या झोपडीकडे पाहावे लागते. रानावर, जमिनीवर, शाळेवर त्याचा जो हक्क आहे तो त्याच्या हाती पोचला की नाही, हे तेथे कळते. नाग्याचे देणे तेथे फिटावयाचे आहे.

श्रोतेहो, आपण जेथे असाल तेथे असा एखादा दगड असेल. त्यावरील नाव कदाचित मराठी नसेल, अक्षरेही निराळी असतील. सवडीने तो वाचा, आणि वाचून झाल्यावर क्षणभर थांबून त्यावर काय येणे आहे ते पाहा. चंद्रसूर्य दगडावर अजून आहेत. तेव्हा मुदत संपलेली नाही.