कोपऱ्यावरचा इराणी आणि शेजारची दुकाने



संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा घेताना वास्तू, दाते आणि कार्यकर्ते यांचे स्मरण होते, आणि ते उचितच आहे. परंतु ज्या शहरात ही पन्नास वर्षे गेली, त्या शहरातील एखादा चहावाला, एखादा पुस्तकविक्रेता, एखादे कोपऱ्यावरचे उपाहारगृह यांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. दुकान बंद होते, पाटी उतरते, आणि दहा वर्षांनी तेथे पूर्वी काय होते यावर घराघरांत वाद सुरू होतो. आजचे बोलणे मुंबईतील अशाच काही बंद दारांविषयी आहे.

त्यांत पहिला मान इराण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी इराणमधील यझ्द आणि केरमान या भागांतून अनेक जरथुष्ट्री कुटुंबे मुंबईत आली. त्यांतील पुष्कळांनी चहाचा धंदा धरला. कोपऱ्याची जागा अशुभ समजून इतर व्यापारी ती घेत नसत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगितले जाते. समजुतीचे काहीही असो, कोपऱ्याचा लाभ उघड होता. दोन रस्त्यांवर दोन दारे, दोन्हींकडून उजेड आणि दोन्हींकडून गिऱ्हाईक.

आत गेले की वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, संगमरवरी टेबले, भिंतीवर मोठे आरसे, आणि गल्ल्यामागे बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. बन मस्का, ब्रून मस्का, खारी, मावा केक, आणि ‘पानी कम’ म्हणून सांगितलेला दाट चहा. कडक ब्रूनचा तुकडा चहात बुडवायचा, त्यावरचे लोणी कपात तरंगू लागते, आणि तो चहा बशीत ओतून प्यायचा, हा विधी ठरलेला होता. पाव, लोणी, साबण, वस्तऱ्याची पाती असा किरकोळ मालही तेथेच मिळे. आपल्या समाजातील जुन्या घरांत इराण्याकडे जाणे संमत नव्हते, कारण त्याच चुलीवर आम्लेट होत असे. तरीही कॉलेजातली मुले तेथे जात नसत असे कोणी ठामपणे म्हणेल, तर या सभागृहातील काही ज्येष्ठांना हसू आवरणार नाही. या विषयावर याहून अधिक बोलणे व्यासपीठास शोभणार नाही!

परंतु इराण्याचे खरे मोल पदार्थांत नव्हते. ते बसण्यात होते. त्या काळी अनेक उपाहारगृहांत जातिभेद पाळला जाई, ब्राह्मणांसाठी वेगळी सोय असे आणि दलितांना दारातच अडवले जाई. इराण्याच्या टेबलावर मात्र गिरणी कामगार, वकिलाचा कारकून आणि बेकार पदवीधर शेजारी शेजारी बसत. एक कप चहा घेऊन दोन तास वर्तमानपत्र वाचणारा माणूस मालकाला परवडत नसे, पण त्याला सहसा कोणी उठवीत नसे. ज्याच्या खोलीत आठ माणसे झोपतात, त्याच्यासाठी ती दोन तासांची खुर्ची म्हणजे दिवाणखाना होता. मराठी साहित्यावरही या खुर्च्यांचे ऋण आहे. कवी अरुण कोलटकर काळा घोडा येथील वेसाईड इनमध्ये वर्षानुवर्षे खिडकीशी बसले आणि समोरच्या चौकातून त्यांचा ‘काळा घोडा पोएम्स’ हा २००४ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी संग्रह जन्मला. (वेसाईड इन इराणी नव्हते, पण बसू देण्याची रीत तीच.) ते बंद झाल्यावर मित्रांची गुरुवारची बैठक मिलिटरी कॅफेत हलली. धोबी तलावच्या बस्तानीमधील सूचनाफलकावरून निसीम इझिकेल यांनी कविता केली. ते बस्तानी २००४ मध्ये बंद झाले. मलबार टेकडीवरचे नाझ त्याआधीच, १९९९ मध्ये, गेले होते.

ही उपाहारगृहे का गेली? नव्या पिढीला पिझ्झा हवा, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी जवळजवळ १९४० च्या पातळीवर गोठवली. कोपऱ्याच्या प्रशस्त जागेचे भाडे पुढे इतके नगण्य झाले की स्वस्त चहा विकूनही धंदा तगला. म्हणजे त्या चहाच्या किमतीचा काही भाग घरमालक मुकाट्याने भरीत होता, आणि त्याचा राग इमारतीच्या डागडुजीवर निघत होता. स्मरणरंजनात हा घरमालक कोणाला आठवत नाही. पुढे जागेला सोन्याचा भाव आला, इमारती जीर्ण होऊन पुनर्बांधणीस निघाल्या, तेव्हा चहाच्या धंद्यापेक्षा जागेचा मोबदला कितीतरी मोठा ठरला. इराण्यांची मुले शिकून डॉक्टर-इंजिनियर झाली, परदेशी गेली. पहाटे पाचला दुकान उघडण्यास त्यांनी नकार दिला, तर त्यांना दोष देता येत नाही. आपल्या पेढ्यांवर तरी किती मुले बसली?

गिरणगावात कारण निराळे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पाळी सुटण्याच्या भोंग्यावर ज्यांचा धंदा चाले, त्या चहाच्या दुकानांचा आणि खानावळींचा तो शेवट होता. घरगुती खानावळी चालविणाऱ्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते, म्हणून त्यांतील काहींना आधार राहिला. बाकीच्या चुली किती विझल्या, हे कोणी मोजले नाही.

पुस्तकांचे आणि संगीताचे दुःख फोर्टातले. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली स्ट्रँड चित्रपटगृहात एका कोपऱ्यात पुस्तके मांडली. त्यातून वाढलेले स्ट्रँड बुक स्टॉल सर फिरोजशहा मेहता मार्गावर आले आणि वाचकाला सवलतीत पुस्तक देण्याची रीत त्यांनी पाडली. ग्राहकाने न घेता नुसते चाळले तरी तेथे कपाळाला आठी पडत नसे. शानभागांना २००३ साली पद्मश्री मिळाली, २००९ मध्ये ते गेले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकान बंद झाले. काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये, तर जहांगीर कलादालनातील, उषा खन्ना यांनी १९६४ साली सुरू केलेले समोवार ३१ मार्च २०१५ रोजी. समोवारच्या अखेरच्या दिवसांत रांगा लागल्या होत्या. त्या रांगांतील कितीजण गेल्या वर्षभरात तेथे चहा प्यायला गेले होते, हा प्रश्न कटू आहे, पण विचारायलाच हवा.

विलक्षण बाब अशी की, २०१० साली लंडनमध्ये ‘दिशूम’ नावाने जुन्या मुंबईच्या इराणी कॅफेचे रूप घेऊन उपाहारगृह उघडले आणि तेथे लोक रांगा लावू लागले. तसेच आरसे, तशाच खुर्च्या. मुंबईत मात्र अशा खुर्च्या चोरबाजारात विकल्या जातात आणि हौशी मंडळी त्या दिवाणखान्यात शोभेला ठेवतात.

सगळेच संपलेले नाही. बॅलार्ड इस्टेटीत १९२३ चे ब्रिटानिया कित्येकांनी जपले आहे. बस्तानी गेले, पण धोबी तलावला जवळच १९०४ साली सुरू झालेले कयानी टिकून राहिले. तेथे ब्रून मस्का सकाळी लवकर गेल्यास अधिक ताजा मिळतो, असे जाणकार सांगतात.