ओल्या अंथरुणाचा प्रश्न

शाळेत मुलाला लघवी लागली की ते करंगळी वर करते. आम्ही शिक्षक मान हलवितो आणि मूल धावत सुटते. त्यात कोणालाच लाज वाटत नाही. परंतु मनुष्य ऐंशीच्या घरात पोहोचून वृद्धाश्रमातील खाटेवर पडला, म्हणजे हीच साधी मागणी त्याच्या ओठांवर येत नाही. कामात बुडालेल्या सेविकेला हाक कशी मारावी, या संकोचात तो राहतो आणि अंथरूण ओले होते. मग एक उपाय तो स्वतःच योजतो: पाणी पिणे सोडतो. हा उपाय घातक आहे. पाणी कमी पडले की लघवी दाट होऊन मूत्राशयाला झोंबते, मलावरोध होतो, आणि आतड्यात साठलेल्या घट्ट मळाचा दाब मूत्राशयावरच पडतो. ज्या भीतीने पाणी सोडले, तीच आपत्ती अधिक जवळ येते.

‘म्हातारपणी हे चालावयाचेच’ असे संस्थाचालकही सहज म्हणून जातात. वैद्यकशास्त्राला हे मान्य नाही. वयाबरोबर मूत्राशयाची शक्ती घटते हे खरे. परंतु ताबा एकाएकी सुटला, तर मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, मधुमेह, पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, अशी कारणे शोधावीच लागतात. लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी रात्री दिली जात असेल, तर डॉक्टरांना विचारून ती सकाळी दिल्यानेही फरक पडू शकतो.

कित्येकदा तर दोष शरीराचा नसून इमारतीचा असतो. जुन्या बंगल्यात थाटलेला आश्रम. शौचकूप मागील दारी, वाटेत दोन पायऱ्या, दिवा मिणमिणता. तेथवर पोहोचले तरी संधिवाताने आखडलेल्या बोटांना परकराची किंवा लेंग्याची नाडी सुटत नाही! खाटेजवळ कमोडची खुर्ची, भिंतीला धरावयास दांडा, नाडीऐवजी इलॅस्टिक, एवढ्याने पुष्कळ साधते.

अमेरिकेतील शुश्रूषागृहांत १९८० नंतरच्या दशकात एक पद्धत कसोटीला लावली गेली. दिवसा दर दोन तासांनी सेविकेने जवळ जाऊन, ‘कोरडे आहे ना? जाऊन यावयाचे का?’ असे विचारावयाचे. होकार मिळताच हात धरून न्यावयाचे. कोरडे राहिल्यास कौतुकाचे दोन शब्द बोलावयाचे. सर्वांनाच गुण येत नाही. परंतु ज्यांची स्मृती क्षीण झाली आहे अशांपैकीही काहींना येतो. कोणाला येईल, हे थोड्या दिवसांच्या प्रयोगाने कळते. अडचण एकच: विचारणे थांबले की गुणही थांबतो. म्हणून ही पद्धत औषधासारखी कपाटात ठेवता येत नाही. तिला माणसे लागतात, आणि नेमकी तीच वाढविण्यास संस्था नाखूष असतात. ज्यांना समजून करता येते, त्यांच्यासाठी कटितळाचे स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम आहे. डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली तो वैद्यकजगतापुढे मांडला. त्याचा परिणाम दिसण्यास मात्र काही आठवडे द्यावे लागतात.

एवढे करूनही ज्यांचे भागत नाही, त्यांना डायपर हवाच. त्यात कमीपणा नाही. मात्र तो पाळी बदलण्याच्या वेळी न बदलता ओला झाला की बदलावा. त्वचा कोमट पाण्याने धुवावी, न घासता टिपून कोरडी करावी आणि झिंकचे मलम लावावे. केवळ सेविकांचे श्रम वाचावेत म्हणून लघवीची नळी घालून ठेवणे तर सर्वथा अयोग्य. तिच्या वाटे जंतुसंसर्ग आत शिरतो. आणि हे सारे पडद्याआड, हलक्या आवाजात व्हावे. ‘आजींनी पुन्हा भिजविले’ ही आरोळी शेजारच्या सहा खाटांना ऐकू जाण्याचे काही कारण नाही.

आपले आईवडील अशा संस्थेत असतील, तर पुढच्या भेटीत व्यवस्थापकांना एवढे अवश्य विचारा: रात्री दोन वाजता हाक मारली तर कोण येते, आणि त्या एकीवर किती खाटा आहेत?