भाऊबंदकीचे उपकार

(वसंत व्याख्यानमाला, खोपट : पुष्प तिसरे. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)

घरचा पंखा सोडून इथल्या पंख्याखाली येऊन बसलेल्या बंधुभगिनींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जमिनीच्या कागदांतून घराण्याचा शोध’. तो संयोजकांनी दिलेला. माझं म्हणणं एका वाक्याचं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना डोंबिवलीची गाडी पकडायचीय ते मोकळे. ज्या घराण्यात भांडण झालं नाही, त्या घराण्याचा इतिहास सापडत नाही. (हशा)

हसू नका. मागे कल्याणला हेच बोललो, तर एका गृहस्थांनी मला चार पानी पत्र लिहिलं. आमच्या घराण्यात सात पिढ्या कधी वाद झाला नाही, आपण सरसकट बदनामी करता. मी उत्तर पाठवलं, की अभिनंदन, पण मग सात पिढ्यांची नावं तरी कळवा. त्यांना साडेतीन सांगता आली. (हशा) साडेतीन म्हणजे, पणजोबांचं नाव आठवत होतं, पण ते दत्तक गेलेले की दत्तक आलेले, हे नक्की नव्हतं.

आता इथून रिक्षानं जा. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आपलं जेल. तिथं १७८७ साली काही बांधकामासाठी खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरी, शके ९३९, म्हणजे १०१७. टिक्कपैया नावाच्या ब्राह्मणाला जमीन दिली, चतुःसीमा सांगितल्या, हे दान मोडेल त्याला पाप लागेल म्हणून बजावलं. हजार वर्षांपूर्वीचा कागद. कागद कसला, तांबंच ते. पण टिक्कपैयाला मुलं किती, जमीन कुणाकडे गेली, सून कुठली? ताम्रपट गप्प. दान देताना सगळे आनंदात असतात ना. आनंदात कोण तपशील लिहितो?

तपशील येतो तो महजरात. महजर म्हणजे वादाच्या निवाड्याचा कागद, आणि वतन म्हणजे पाटीलकीसारखा वंशपरंपरेचा हक्क. पाटीलकी थोरल्याची की धाकट्याची, असा वाद पडला की गोत, म्हणजे वतनदारांची सभा, बसायचं. वादी-प्रतिवादी आपापला करिना द्यायचे, म्हणजे माझा मूळपुरुष अमुक, त्याला लेक इतके, थोरला बेपत्ता झाला, धाकट्यानं गाव राखला. मग साक्षी. आणि सगळ्यांच्या शेवटी निशाण्या. सही येत नाही, म्हणून पाटील नांगर काढतो, न्हावी आरसा, परीट मोगरी, कुंभार चाक, चांभार रापी. मोडीच्या त्या सलग ओळींखाली ही चित्रं अशी रांगेनं उभी असतात, की अख्खा गाव आपली हत्यारं घेऊन चावडीवर आलाय असं वाटतं. एका महजरावर नांगराचा फाळ काढताना बोरू घसरलाय. हात थरथरला असेल. त्या पाटलाचं वय मला त्या फाळावरून कळतं. वंशावळीत नुसतं नाव असतं.

साल वाचायला मात्र शिकावं लागतं. ‘इसन्ने सलासीन मया व अलफ’ म्हणजे दोन, तीस, शंभर आणि हजार, अकराशे बत्तीस. हे सुहूर सन. पाचशे नव्व्याण्णव मिळवा, १७३१ आलं. वर्ष मृगात बदलतं, म्हणून कधी सहाशे मिळवावे लागतात. पुढच्या रांगेत कुणी वहीत लिहून घेतंय, छान.

आता भांडणानं इतिहास कसा राखला त्याचं उदाहरण, कारीचे जेधे. भोरजवळचं हे देशमुख घराणं. त्यातल्या कान्होजींनी १६५९ साली शिवाजी महाराजांपुढे वतनावर पाणी सोडलं, ते तुम्हांला पाठ आहे. मला वेगळं सांगायचंय. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी छापलेली जेधे शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, याच घराण्याच्या दप्तरातली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, तीत आहे. हे दप्तर घराण्यानं इतकी वर्षं का जपलं? इतिहाससंशोधनासाठी? छे! वतनाचा दावा उद्या पुन्हा निघाला तर हाताशी असावं म्हणून, असं माझं मत आहे. आणि जेधे करिना वाचलात तर अंगावर काटा येतो. कान्होजींच्या वडिलांना त्यांच्या भावांनीच मारलं, आणि तान्ह्या कान्होजीला काकांपासून लपवून वाचवावं लागलं. हे कुणी बाहेरच्यानं नाही लिहिलं, घरच्यांनी लिहून ठेवलंय. कारण हक्क कुठून आला ते सांगायचं, तर खूनही सांगावा लागतो.

हे फक्त आपल्याकडे असं समजू नका. इंग्लंडात नॉरफोकमध्ये पास्टन म्हणून घराणं होतं. पंधराव्या शतकातली त्यांची जवळजवळ हजार पत्रं आणि कागद उरलेत, बहुतेक जमिनीच्या वादांपायी. १४४८ साली एका सरदारानं त्यांची ग्रेशमची वाडी बळकावली. नवरा लंडनला, बायको मार्गारेट तिकडे. ती त्याला लिहिते, की आडधनुष्यं आणि बाण पाठवा, आणि हो, एक पौंड बदाम आणि एक पौंड साखरही. (हशा) आपल्याकडे यादीत काय आधी लिहिलं असतं, ते भगिनींनी सांगावं.

पण गंमत पुढे आहे. या पास्टनांनी १४६६ साली राजाकडून मान्य करून घेतलं, की आमचं कुळ विल्यम राजानं इंग्लंड जिंकलं तेव्हापासूनचं खानदानी. आणि त्यांच्या एका वैऱ्यानं लिहिलेलं टिपण उरलंय. त्यात म्हटलंय, यांचा क्लेमेंट पास्टन साधा शेतकरी, घोड्यावर खोगीर न घालता, धान्य खाली घेऊन दळायला जायचा. त्याचा मुलगा विल्यम शिकला आणि न्यायाधीश झाला. आज अभ्यासक कशावर विश्वास ठेवतात? राजाच्या कागदावर नाही. म्हणून म्हणतो, आपल्या आजोबांविषयी खरं कळायला हवं असेल तर भाऊबंदांकडे जा.

घराणं शोधताना आडनावावर तर जाऊच नका. लोकहितवादी देशमुख मूळचे सिद्धये. वतनाचं नाव आडनाव झालं. त्यांनीच पुढे इनाम कमिशनात नोकरी केली, १८५२ च्या कायद्याचं ते कमिशन, ‘कागद दाखवा नाहीतर इनाम जाईल’ म्हणणारं... यावर मी अर्धा तास बोलणार होतो.

(घड्याळाकडे पाहून) हो, दिसतंय मला. पण आमच्या घरच्या आंब्याची गोष्ट सांगतोच.

आमचं गाव मुरबाडकडे. घरात फ्रेम केलेली वंशावळ आहे, वडाचं झाड, पानापानावर नाव. मूळपुरुषापासून चार पिढ्या सरळसोट बांबू, प्रत्येकाला एकच मुलगा. मला तेव्हाच शंका आली. आमच्या कुळाला इतका संयम? (हशा) मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार चाळले. तिथल्या माणसानं फडक्यानं गठ्ठा झटकला, आम्ही दोघंही शिंकलो, आणि एका नोंदीवर शेरा दिसला : तक्रारी. वाद कशाचा? बांधावरच्या एका रायवळ आंब्याचा. खालच्या आळीचे, म्हणजे आम्ही, आणि वरच्या आळीचे. सर्कलनं निकाल दिला, एक साल यांनी आंबे घ्यावेत, एक साल त्यांनी.

गावातल्या मंडळींच्या लक्षात आलं असेल. आंबा एका वर्षाआड भरतो! एका घराला दर खेपेला पाट्या भरून आंबे, आणि दुसऱ्याच्या वाट्याला मोहोर आणि पानं. (मोठा हशा) सहा वर्षं काढली बिचाऱ्यांनी, मग पुन्हा अर्ज. आणि या दुसऱ्या खेपेला दोघांनी कंबर कसून जबाब दिले, अगदी पणज्यापासून. त्यात निघालं, की पणज्याला दोन बायका. थोरलीचा वंश आम्ही, धाकटीचा ते. बांबू कुठला, तिथं चांगली फांदी होती, कुणीतरी छाटलेली. धाकटीचं नाव, तिचं माहेर, तिनं नवऱ्यामागं कसलेली दोन शेतं, सगळं त्या जबाबात आहे. फ्रेमवाल्या वडावर तिच्यासाठी पान नाही. थोरलीसाठीही नाही म्हणा.

मी वरच्या आळीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. दारातल्या काकूंनी विचारलं, कुणाचे तुम्ही? म्हटलं, खालच्या आळीचे. त्या आत गेल्या. वाटलं, संपलं. तर चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आंब्याचं विचारायला आलात होय?

(अध्यक्षांकडून चिठ्ठी) दोन मिनिटं म्हणतायत. कूळकायदा, १९५० चा वतनं रद्द करणारा कायदा आणि सातबारा कसा वाचावा, हे राहिलंच. विशेषतः इतर हक्काचा रकाना. एक प्रश्न घेऊ. बोला, मागचे काका.

‘झाड आहे का अजून?’

नाही. वादळात पडलं, सरपण दोन्ही आळ्यांनी नेलं. पण इतर हक्कात अजून आहे, ‘आंबा १, निम्मा-निम्मा’. नोंद काढायची तर दोन्ही घरांच्या सह्या लागतात, आणि सहीला कोण आधी जाणार यावर सध्या वाद आहे. काढू नका म्हणून दोन्हीकडे सांगून आलोय मी.