जुन्या नोटांची छायाचित्रे : पारख कशी करावी?

(द्रोणागिरी येथे जुन्या चलनी नोटांच्या संग्राहकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांच्या पेटीत एखादी जुनी नोट जपून ठेवलेली असेल. खाडीकाठच्या दमट हवेत कागदाचे आयुष्य ते किती? नोट विरते, विकली जाते, भावंडांच्या वाटणीत जाते. मागे उरते ते तिचे छायाचित्र. म्हणून ते देखणे आहे की नाही, हा प्रश्न गौण होय. नोटेवर जे छापले आहे, ते त्यात वाचता येते काय, हेच पाहावयाचे.

रिझर्व्ह बँकेने आपली पहिली नोट, पाच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्ये काढली. तीवर सहाव्या जॉर्ज बादशहाची छबी व गव्हर्नर जेम्स टेलर यांची सही होती. १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख हे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांचा जन्म आपल्याच रायगड जिल्ह्यातील नाते गावचा. पुढे त्याच धाटणीच्या नोटेवर त्यांची सही आली. छायाचित्र धूसर असले, तर त्यात बादशहा ओळखू येतो, देशमुख मात्र ओळखू येत नाहीत. आणि नोट कोणत्या काळातील, हे तर सहीवरूनच ठरते.

अक्षरांची कसोटी घरच्या घरी करता येते. आजच्या शंभराच्या नोटेवरील भाषांच्या पट्टीत कोकणीत ‘शंबर’ आणि मराठीत ‘शंभर’ असे छापलेले असते. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर ‘ब’ आणि ‘भ’ यांतील भेद स्पष्ट दिसला, तर त्याच पद्धतीने जुनी नोट टिपावी. तेच छायाचित्र भ्रमणध्वनीवरून चारजणांकडे फिरून परत आले की पुन्हा तपासून पाहा. बारीक अक्षरे बहुधा वाटेतच गळालेली असतात. मूळ प्रत म्हणूनच जपावी.

याहून मोठा धोका हौशी सुधारणेचा आहे. डाग पुसणे, घड्या मिटविणे, कडा कापून चौकट सरळ करणे, हे प्रकार सर्रास चालतात. एकोणिसाव्या शतकात टपालातील चोरीच्या भयाने नोटेचे दोन तुकडे करून ते वेगवेगळ्या टपालाने पाठवीत आणि पोहोचल्यावर जोडीत. अशा नोटेच्या मध्यावरील जोड म्हणजे तिच्या प्रवासाचा दाखलाच! तो पुसून काढलेले छायाचित्र कितीही स्वच्छ असो, मी ते बाद ठरवीन. टाचणीच्या छिद्रांनाही हाच न्याय लागू आहे.

झगझगीत प्रकाशझोत टाळावा. खिडकीचा मंद उजेड पुरे. दोन्ही बाजू चारही कडांसह टिपाव्यात, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि जलचिन्हासाठी नोट उजेडासमोर धरून आणखी एक छायाचित्र घ्यावे. विकत घेणाऱ्याने एवढे तरी मागून घ्यावे. केवळ एका बाजूच्या चकचकीत चित्रावर पैसे मोजू नयेत.

छायाचित्र अभ्यासासाठी ठेवावे. त्यावरून हुबेहूब नोटेसारखा दिसणारा कागद छापणे मात्र भारतीय न्याय संहितेच्या १८२ व्या कलमान्वये दंडनीय आहे.