वास गेला म्हणजे विहीर साफ झाली नाही

(रस्त्यालगतच्या पाड्यावर झालेल्या सभेतलं बोलणं)



आज सभा विहिरीपाशी घेतली आहे. पहिली गोष्ट, इथं कोणी विडी पेटवू नका. गमतीनं सांगत नाही.

पावसाळा सरला तेव्हा बायांनी सांगितलं, हंड्याला रॉकेलसारखा वास येतो, पाण्यावर रंगीत तवंग दिसतो. आम्ही पोरं म्हणालो, कोणी डबा धुतला असेल. ती आमची चूक. वर हमरस्त्याला पेट्रोल पंप आहे. त्याच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या आहेत. लोखंड मातीत गंजतं. बारीक भोक पडलं तरी वरून काही कळत नाही, खाली मात्र रात्रंदिवस गळत राहतं.

गळलेलं तेल मुरमातून उतरतं आणि पाणी लागलं की त्यावर तरंगतं. मुरमाखाली आपला काळा कातळ, त्याला भेगा. भेग नेईल तिकडे पाणी जातं आणि पाण्याबरोबर तेल. म्हणून कधी जवळची विहीर वाचते आणि लांबची बिघडते.

मागच्या महिन्यात पंपवाल्यांची माणसं आली. विहीर उपसली, पाणी नाल्यात सोडलं, पावडर टाकली आणि म्हणाली, झालं साफ. पंधरा दिवसांत वास परत आला. येणारच. तेल मातीत मुरलेलं आहे. पाणी वर चढलं की ते पुन्हा सुटतं. विहीर धुतली, माती तशीच राहिली.

वास येत नाही म्हणून पाणी चांगलं, असंही समजू नका. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. त्यानं रक्ताचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, एक लिटर पाण्यात ते १ ग्रामच्या १ लाखाव्या भागापेक्षा जास्त नको. एवढं थोडं असलं तर नाकाला कळत नाही. उकळूनही पिऊ नका, त्याची वाफ घरात भरते.

मग साफ करणं म्हणजे काय? आधी टाकी रिकामी करून गळती बंद करायची. तरंगणारं तेल काढून पिंपात भरायचं, नाल्यात नाही. बिघडलेली माती खणून काढायची. ती पाझरणार नाही अशा जागी पसरून, खत घालून उलटीपालटी करत राहायची. हवा मिळाली की मातीतले जिवाणू तेल खातात. खणता येत नाही तिथं नळ्या घालून हवा सोडतात. पाणी उपसून, त्यात हवा खेळवून, खास कोळशातून गाळायचं. आणि तपासणी एकदा नाही, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, पुन्हा पुन्हा. याला महिने लागतात, वर्षंही लागतात. तोवर पिण्याचं पाणी त्यांनीच पुरवायचं.

आता त्या कागदाचं. 'विहीर साफ झाली, तक्रार नाही' असं त्यावर लिहिलं होतं. चार घरांनी अंगठे दिले. त्यांना आम्ही दोष देत नाही. अंगठा दिला तरच टँकर, असं त्यांना सांगितलं होतं. पण पाणी देणं हा उपकार नाही. १९७४ च्या पाणी कायद्यानं विहिरीत आणि जमिनीत विष सोडायला बंदी आहे. राजस्थानात बिछडी गावच्या विहिरी कारखान्यांच्या घाणीनं नासल्या. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ज्यानं घाण केली त्यानंच माती-पाणी सुधारण्याचा खर्च द्यायचा. त्याच वर्षीच्या पेसा कायद्यानं गावाची साधनं राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला.

म्हणून आज तीन ठराव करू. चारही घरांनी अंगठा परत घेतल्याचं लिहून द्यायचं, गाव त्यांच्या बाजूनं उभं राहील. प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज करून पाणी आणि माती दोन्ही तपासायला लावायची. नमुना आपल्यासमोर घ्यायचा, काचेच्या बाटलीत काठोकाठ, वर हवा न ठेवता. आणि अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही नाही, अंगठा नाही.

आपण जमिनीसाठी मोर्चे काढले, जेलात गेलो. जमीन म्हणजे नुसता नांगर चालतो तेवढा थर नाही. खालची माती आणि तिच्यातलं पाणीही आपलंच आहे. ते नासलं तर हातात पट्टा येऊन काय करायचं?

जिंदाबाद!